जनाज्याच्या आधी विचारू या

जुलै २०२३ मध्ये मिरजेत आमच्या मोहल्ल्यातल्या एका मामूंचा जनाजा होता. ते माझे सख्खे मामू नव्हते. पण लहानपणी त्यांच्या दुकानातून उधारीवर बिस्किटं नेलेली सगळीच पोरं त्यांना मामू म्हणायची. नमाजेआधी त्यांचा थोरला मुलगा पुढे आला आणि आपल्याकडे नेहमी होतो तसा ऐलान केला, "अब्बांच्या जिम्मे कुणाचं काही देणं राहिलं असेल तर मला भेटा. ते आता माझं देणं आहे." सफा लागल्या, तकबीर झाली. मी तिसऱ्या सफेत उभा होतो आणि मनात बेरीज करत होतो. आज मी गेलो तर माझ्यासाठी पुढे येऊन हे कोण म्हणेल? माझं देणं किती आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नक्की माहीत नव्हतं.

तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. हातात इंजिनिअरिंगची पदवी, पाठीशी पुण्यात आठ-नऊ वर्षांची सॉफ्टवेअरची नोकरी, कोंढव्यात भाड्याचा फ्लॅट. मिरजेतल्या नातेवाइकांच्या लेखी मी 'सेट झालेला' मुलगा. प्रत्यक्षात फेब्रुवारीत माझी नोकरी गेली होती. त्या वर्षी आयटीत कपात सगळीकडेच चालू होती. एका सकाळी मीटिंगचं बोलावणं आलं, वीस मिनिटांत बोलणं संपलं आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप परत करायचा होता. हे मी घरी सांगितलं नाही. अम्मीचा फोन आला की "काम जास्त आहे, नंतर बोलतो" म्हणायचो. दर महिन्याला घरी पाठवायचे पंधरा हजार चुकवले नाहीत. ते कुठून यायचे, तर क्रेडिट कार्डातून आणि मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपमधून.

आधीचं कर्ज होतंच. २०२१ मध्ये अब्बांची बायपास झाली आणि त्याच्या पुढच्या वर्षी धाकटीचं लग्न. दोन्ही वेळी मी घरात म्हणालो, "मी बघतो." हे दोन शब्द आपल्या घरातल्या कमावत्या पोराला फार महाग पडतात. कर्ज काढून 'बघतोय' हे मी बोललो नाही आणि कुणी विचारलंही नाही. पगार चालू होता तोवर हप्ते जात होते. पगार थांबला तसा एक हप्ता भरायला दुसरं कर्ज, असं सुरू झालं.

पैसे संपत गेले तशी माझ्याभोवतीची माणसंही कमी होत गेली. त्यांना मीच दूर सारत होतो. आधी कॉलेजच्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला, कारण तिथे कुणीतरी ट्रिपचं ठरवायचं. मग जुम्याला नेहमीच्या मशिदीत जाणं बंद केलं, कारण तिथे एक जण भेटायचा ज्याच्याकडून चाळीस हजार घेतले होते. लांबच्या मशिदीत शेवटच्या सफेत उभा राहायचो आणि सलाम फेरताच बाहेर पडायचो. रोजे आले तेव्हा इफ्तारला कुणी बोलावलं तर पोट बिघडल्याचं सांगायचो. पुढे फोन सायलेंटवर राहू लागला. अनोळखी नंबरवरून रोज पंधरा-वीस फोन यायचे. एका ॲपच्या वसुलीवाल्यांनी माझ्या फोनमधल्या नंबरांवर मेसेज धाडले. माझा एक चुलतभाऊ आणि जुना टीम लीड, दोघांना कळलं की मी 'फसवणूक करणारा' आहे. त्या रात्री मनात जे विचार आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. ज्यांच्या मनात आले असतील त्यांना ते न लिहिताही कळतील.

एवढं होऊनही मी कुणाला का सांगितलं नाही, यावर मी नंतर बराच विचार केला. एक कारण इज्जत. ते सगळ्यांनाच असतं. दुसरं कारण आपल्या समाजातल्या मुलांना जास्त छळतं. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की व्याज हराम. मग व्याजाच्या कर्जात अडकलेला मुलगा तोंड कसं उघडणार? त्याला आधी फतवा मिळेल, मदत नंतर, मिळालीच तर. त्यामुळे तो अशा ठिकाणी जातो जिथे कुणी काही विचारत नाही. आधार आणि पॅनचा फोटो टाकला की दहा मिनिटांत पैसे देणारं ॲप ही ती जागा. म्हणजे ज्या व्याजापासून दूर ठेवायचं म्हणून आपण त्याला भीती घातली, त्या भीतीनेच तो सगळ्यात चढ्या व्याजाच्या दारात जातो. व्याजावरची चर्चा महत्त्वाची आहे, ती व्हायला हवी. पण बुडणाऱ्या माणसाशी ती काठावर उभं राहून करायची नसते.

त्या दिवशी दफनानंतर मी घरी न जाता थोरल्या बहिणीकडे, आपाकडे गेलो. गच्चीवर कपडे वाळत होते. ती काढत होती आणि मी पाठमोराच उभा राहून सांगून टाकलं. नोकरी गेली, पाच महिने झाले, कर्ज आहे. ती रडेल किंवा चिडेल असं वाटलं होतं. तिने हातातले कपडे खाली ठेवले आणि विचारलं, "कुणाचं किती?"

मला उत्तर देता आलं नाही. "आठ-नऊ लाख असतील," असं म्हणालो.

"असतील म्हणजे काय? आम्ही बाया महिन्याला दोनशे रुपये जमवतो, तरी पैशापैशाचा हिशेब लिहितो. तू इंजिनिअर ना?"

आपा बारावी शिकलेली आहे आणि तिच्या बचत गटाची खजिनदार आहे. घरात आम्ही दखनी बोलतो, पण शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे हिशेब दोघांचाही मराठीत चालतो. तिने गटाच्या वहीसारखी एक कोरी वही आणली, रकाने आखले आणि माझ्या फोनमधला एकेक मेसेज उघडायला लावला. रात्री साडेअकराला बेरीज झाली. बँकेचं वैयक्तिक कर्ज ४,६०,०००. दोन क्रेडिट कार्डं मिळून २,३५,०००. तीन ॲपचे ६८,०००. मित्र-नातेवाईक १,२०,०००. एकूण ८,८३,०००.

आकडा मोठा होता, तरीही त्या रात्री मला कित्येक आठवड्यांनी झोप लागली. तोवर ते कर्ज म्हणजे अंधारातलं जनावर होतं. वहीत उतरल्यावर त्याच्या चार ओळी झाल्या. कुरआनातली सगळ्यात मोठी आयत सूरह बकराची २८२ वी आहे आणि तिचा विषय आहे देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवणं. हे मी मदरशात शिकलो होतो. तिचा उपयोग मला आपाने शिकवला.

पुढचं सगळं त्या वहीतून सुटत गेलं. इथे ते तपशिलाने लिहितो, कारण मला तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिलं, क्रम. आधी जेवण, भाडं, अब्बांची औषधं. त्यानंतर कर्ज, आणि कर्जातही जे सगळ्यात महाग आणि सगळ्यात त्रासदायक ते आधी. क्रेडिट कार्डावर मला महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागत होतं. २,३५,००० वर किमान रक्कम ५ टक्क्यांनी ११,७५० रुपये व्हायची. त्यातले सुमारे ९,७०० रुपये नुसत्या व्याजात आणि त्यावरच्या जीएसटीत जायचे. म्हणजे पावणेबारा हजार भरून कर्ज जेमतेम दोन हजारांनी कमी. 'मिनिमम ड्यू' भरला की आपण नियमित आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात आपण उभ्या जागी धावत असतो.

दुसरं, ॲपचे ६८,०००. रक्कम लहान होती, पण जीव त्यांनीच खाल्ला होता. आपाची मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर बीसी होती. बारा जणी, दरमहा पाच हजार, म्हणजे एकीच्या हातात साठ हजार. त्या महिन्याची पाळी दुसऱ्या बाईची होती. आपाने तिला एवढंच सांगितलं की घरची नड आहे. ती म्हणाली, "मला डिसेंबरात चालेल, तू उचल." कशाला हवेत, हे तिने विचारलं नाही. उरलेले आठ हजार मी मॉनिटर आणि खुर्ची विकून उभे केले. तिन्ही ॲपची खाती बंद केली आणि कर्ज फिटल्याचं पत्र तिघांकडून मागून घेतलं. बीसीचे पुढचे हप्ते अर्थातच मी भरले. बीसी विश्वासावर चालते आणि विश्वास तुटला तर पैसे बुडतातही, हे मला माहीत आहे. ओळखीच्या बारा जणींची बीसी वेगळी आणि अनोळखी माणसाने मोठ्या परताव्याचं आमिष दाखवून चालवलेली योजना वेगळी. दुसरीपासून लांबच राहा.

तिसरं, बँक. तोवर मी बँकेचे फोन घेत नव्हतो. आपाने शाखेत जायला लावलं. नोकरी गेल्याचं पत्र जोडून मुदत वाढवून मागितली. दोन हेलपाटे पडले, पण हप्ता सुमारे सोळा हजारांवरून अकरा हजारांवर आला. मुदत वाढली की एकूण व्याज जास्त जातं, हे समजूनच तो मार्ग घेतला. कार्डाच्या थकबाकीचे कमी व्याजाचे मासिक हप्ते करून घेतले. 'सेटलमेंट करा, अर्ध्यात मिटवा' असेही फोन येत होते. तसं केलं तर सिबिलसारख्या पतनोंदीत कर्ज पूर्ण फिटलं असं न लिहिता 'सेटल्ड' असं लिहिलं जातं आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ते आडवं येतं. दुसरा इलाजच नसेल तर हाही मार्ग आहे, पण कळून-सवरून घ्यावा. स्वतःची पतनोंद प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट पाहता येते. ती पाहा.

चौथं, हक्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमच्या फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी पाहता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही, नातेवाइकांसमोर बदनामी करता येत नाही. आधी त्या बँकेकडे किंवा वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. फोटो बदलून, मेसेज धाडून ब्लॅकमेल केलं तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि सगळे स्क्रीनशॉट जपून ठेवा. कर्ज थकणं गुन्हा नाही. धमकावणं गुन्हा आहे. मला हे माहीत असतं तर मी सहा महिने चोरासारखा फिरलो नसतो.

पाचवं, नोकरी. पाच महिने मी अर्ज करत होतो, पण नोकरी गेल्याचं कुणाला कळू नये म्हणून लिंक्डइनवर जुन्याच कंपनीचं नाव ठेवलं होतं. नोकरी शोधत असल्याचं लपवून नोकरी शोधत होतो. आपाला सांगितल्यावर जीभ मोकळी झाली. ज्या टीम लीडला वसुलीवाल्यांचा मेसेज गेला होता त्याला मीच फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं तुझा फोन हॅक झाला. आधी का नाही सांगितलंस?" त्याच्या ओळखीतून ऑक्टोबरमध्ये नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी होता. मी फ्लॅट सोडला आणि दोघांबरोबर खोली घेतली. ज्याचे चाळीस हजार द्यायचे होते त्याला जुम्यानंतर गाठून सांगितलं, "दरमहा चार हजार देईन, दहा महिने." तो म्हणाला, "पैशांचं ठीक आहे रे, तू दिसत नव्हतास म्हणून राग होता." सगळेच असं म्हणाले नाहीत. एका नातेवाइकाने चारचौघांत सुनावलं आणि आजही तो नीट बोलत नाही. कर्ज फिटलं की सगळी नाती परत येतात असं मी तुम्हाला सांगणार नाही.

शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०२५ मध्ये गेला. त्या रात्रीपासून सत्तावीस महिने लागले. ती वही आपाकडेच आहे.

हे सगळं संपादकीयाच्या जागी लिहितोय, कारण यात समाज म्हणून आपलं काही देणं आहे. जनाज्याशी जोडलेली एक हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. कर्ज शिल्लक असलेल्या एका माणसाचा जनाजा आला तेव्हा प्रेषित मुहंमद (स.) यांनी स्वतः नमाज पढवली नाही, सोबत्यांना पढायला सांगितली. वाझमध्ये ती बहुतेक इथवरच सांगितली जाते आणि कर्जदाराच्या अंगावर काटा येतो. माझ्याही मनात वर्षानुवर्षं एवढाच भाग बसला होता. पण पुढे असं आहे की हजरत अबू कतादा उभे राहिले आणि त्यांनी ते कर्ज आपल्यावर घेतलं, मग प्रेषितांनी नमाज पढवली. आणि नंतर हाती साधनं आल्यावर अशा मृतांचं कर्ज फेडण्याची जबाबदारी प्रेषितांनी स्वतःकडे घेतली. मला ही हदीस आता कर्जदाराला दिलेला नुसता इशारा वाटत नाही. जमातीत कुणीतरी उठून उभं राहावं, ही अपेक्षाही तीत आहे.

आपण उठतो का? सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत कर्जाने दबलेले लोक आहेत. सूरह बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्यायला सांगितलं आहे आणि कर्ज माफच केलं तर ते अधिक चांगलं म्हटलं आहे. आपल्या गावोगावच्या जकातीचा मोठा भाग रमजानमधल्या रेशनच्या किटमध्ये, मदरशांत आणि शिष्यवृत्त्यांत जातो. ती कामं हवीतच. पण इस्त्री केलेला शर्ट घातलेला, घरी 'सेट झालेला' मुलगा किटच्या रांगेत उभा राहणार नाही, आणि फोटो काढून ग्रुपवर टाकणार असाल तर मुळीच नाही.

म्हणून एक सूचना. प्रत्येक मोहल्ल्यात चार-पाच जणांनी मिळून कर्जात अडकलेल्यांसाठी महिन्यातून दोन संध्याकाळी बसावं. त्यांत एक बँकेची कामं समजणारा असावा, एक वकील, आणि किमान दोन बायका, कारण हिशेब त्यांना येतो आणि घरातलं कर्ज आधी त्यांनाच कळतं. पहिली बैठक फक्त वही लिहिण्याची. नाव बाहेर जाणार नाही, फोटो नाही, वाझ नाही. ज्याला शक्य आहे त्याला कर्ज-ए-हसना, तेही लेखी आणि हप्ते ठरवून. ज्याला फेडणं शक्यच नाही त्याच्यासाठी जकातीतला ठरावीक हिस्सा. ही कल्पना नवी नाही. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून सोनं ठेवून बिनव्याजी कर्ज देत आला आहे, आणि आपल्या आया-बहिणी बीसी किती वर्षं चालवतात याची तर मोजदादच नाही. आणि लग्नात मोठ्या हॉलचं भाडं कोण, कुठून भरतोय, हेही तिथे मोकळेपणाने विचारलं जावं.

मात्र हे सगळं आपसांत मिटवून आपण नागरिक म्हणून गप्प बसायचं नाही. काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्या 'निगेटिव्ह झोन' ठरवून तिथे कर्ज देणं टाळल्याची नोंद २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे. पत्ता ऐकून कुणी नकार दिला तर कारण लेखी मागा, तक्रार करा. बँकेचं रास्त कर्ज मिळत नाही तेव्हाच ॲपचं आणि खासगी सावकाराचं फावतं.

आणि तू, जो हे वाचून फोन पालथा ठेवतो आहेस. तुला काय वाटतंय ते मला थोडंफार माहीत आहे. आज एका माणसाला सांग. इज्जतवाल्याला नको, हिशेबवाल्याला सांग. आई, बहीण, खाला, जुना मास्तर, हॉस्टेलमधला मित्र, कुणीही चालेल. घरात कुणीच नसेल आणि रात्र जड जात असेल तर टेलीमानसच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र कधीही फोन लाव. सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. उद्या सकाळी एक वही घे.

बाकीच्यांसाठी एवढंच. तुमच्या सफेतला कुणी काही आठवड्यांपासून दिसत नसेल, सलाम फेरताच निघून जात असेल, इफ्तारची दावत तीनदा टाळत असेल, तर त्याच्या घरी जा. मेल्यावर आपण सगळ्यांसमोर विचारतोच की याचं कुणाला काही देणं आहे का. तो जिवंत असताना, एकट्यात, चहा पिताना विचारायला काय हरकत आहे?